गुंडीच्या पायातला लाल दोरा

टेलरकाकूंना एका जागी स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं, आणि धंदा नेमका बसून करायचा. मशीनवर एक शिवण मारली की उठून खिडकीतून परसात बघायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "काकू, ड्रेस आजच हवा हो." काकू म्हणायच्या, "झालाच!" आणि खिडकी गाठायच्या.

जिवाला घोर होता तो गुंडीचा. तांबड्या कोंबडीच्या पिल्लांतलं हे सगळ्यात शेवटी अंड्यातून निघालेलं पिल्लू. शर्टाच्या गुंडीएवढं, म्हणून गुंडी. सगळी पिल्लं एकाच रंगाची. ही घोळक्यात हरवू नये, मशीनवरूनही दिसावी, म्हणून काकूंनी सुरुवातीलाच तिच्या पायात लाल दोरा बांधला होता. चांगला जाड, वर झुपका काढून.

भावंडांना पिसं फुटली, तरी गुंडीच्या अंगावर अजून लवच होती. काकूंनी कण्या टाकल्या की बाकीची ताव मारायची आणि तिच्या पायाला टोचत तिला पार भिंतीपर्यंत पिटाळायची. खायला मिळेना, मग वाढणार कशी? काकू तिला उचलून आणायच्या, जखमेला मलम लावायच्या, मशीनशेजारी चिंध्यांच्या खोक्यात ठेवून उकडलेल्या अंड्याचा बलक भरवायच्या. दोरा मळला असेल तर नवा बांधायच्या, आणखी ठसठशीत. जरा बरं वाटलं की गुंडी परत परसात, आणि पुन्हा तेच.

"आई आहेस की वैरीण?" काकू तांबडीवर खेकसायच्या. तांबडी मान तिरकी करून बघायची.

काका बसचे ड्रायव्हर. रोज संध्याकाळी घरी येऊन हेच ऐकायचे. एकदा म्हणाले, "अगं, सोड नाद. कमजोराला कळप ठेवत नसतो."

"मग तुम्हाला मी इतकी वर्षं कसं ठेवलं?"

काका हसले, पण काकूंना हसू आलं नाही. त्या दिवशी गुंडीनं बलकालाही तोंड लावलं नव्हतं. लंगडत होती, डोळे मिटत होती. हे पिल्लू आता हातचं जाणार, या धास्तीनं काकूंना घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी मांडीवरचं कातरण परसात झटकलं. काळे, निळे, पांढरे तुकडे पडले, तिकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. त्यात अस्तराचा एक लाल तुकडा होता. तो जमिनीला टेकतो न टेकतो तोच अख्खं खुराडं त्याच्यावर तुटून पडलं. टोच, ओढ, पळव! तांबडी सगळ्यांच्या पुढे.

काकूंना एकदम उमगलं. वैरीण तांबडी नव्हती. गुंडीच्या पायात शत्रू बांधला होता तो त्यांनीच, आणि वर मळला की नवा!

त्या तशाच आत खोक्यातल्या गुंडीकडे धावल्या. आयुष्य कापण्यात घालवलेल्या हातानं त्यांनी तो दोरा कात्रीनं कापून टाकला. "चुकलं गं माझं," त्या पिल्लाला म्हणाल्या. पाय बरा होईपर्यंत त्यांनी गुंडीला डालग्याखाली ठेवलं आणि मग छातीवर दगड ठेवून सोडलं. कुणीच टोचलं नाही. गुंडी घोळक्यात घुसली आणि भावंडांच्या पायांखालून कण्या टिपू लागली.

पुढे ती उशिरा का होईना, भराभरा वाढली. एका रविवारी काका चहाचा कप घेऊन परसदारी उभे राहिले. "यातली तुझी गुंडी कुठली गं?"

काकूंनी बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं. सगळ्या सारख्याच. त्यांनी घाईघाईनं सगळ्या मोजल्या. एकही कमी नव्हती.

"यातलीच आहे हो कुठलीतरी," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

"सुटलीस बाई एकदाची! आता बस निवांत."

काकू मशीनवर बसल्या. शिवण निम्मी झाली नाही तोच उठून खिडकीशी गेल्या. आधी एकीवरच नजर ठेवावी लागायची, आता सगळ्यांवर ठेवणं भाग होतं.