नालोंगोपासून दोन खुर्च्या लांब

नालोंगोचा स्वभावच संशयी. ब्लॅकटाउनच्या हॉलमध्ये दर शनिवारी ती हिरव्या केळ्यांचा गोळा उकडायची, शेंगदाण्याचं कालवण करायची, आणि वाढता वाढता समोरच्या प्रत्येकाला पारखून घ्यायची. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. तिच्या मुलखात, कंपालापलीकडे मासाकाकडे, जुळी झाली की बाईचं मूळ नाव मागेच पडतं. तिची जुळी, मुलगी बाबिर्ये आणि मुलगा काटो, तिकडेच आजीपाशी वाढली. नवरा गेल्यावर हिचा एका बाईवर जीव जडला, गावाने हिला हाकललं आणि ही सिडनीत येऊन पडली. आश्रय मागायला गेली तर खुर्चीतल्या साहेबाने विचारलं होतं, "दोन मुलं आहेत, मग बायका कशा आवडतात?" तो प्रश्न ती विसरली नव्हती.

आता तशीच जिवाच्या भीतीने पळून आलेली पोरं-पोरी तिच्याकडे यायची. ती त्यांना वकिलाकडे न्यायची, सुनावणीला शेजारी बसायची, बाहेर आल्यावर पोटभर रडू द्यायची. पण आधी चौकशी. का करू नये? अशीच एक गोडबोली बाई हॉलमध्ये जेवून गेली आणि इथली नावं तिकडच्या पाद्र्याला कळवून मोकळी झाली. इथे भांडी घासणाऱ्या डेओच्या भावाचं तिकडचं दुकान लोकांनी जाळलं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

त्यात ही झैतुनी आली. डोक्याला रुमाल, बोलणं मऊ. सगळ्यांत मिसळायची, डेओबरोबर तर मोकळ्या गळ्याने गाणी म्हणायची. मात्र नालोंगो दिसली रे दिसली की दाराकडे सरकायची. मान खाली. तिच्या हातून ताट घ्यायची नाही. नालोंगोने ते टेबलावर ठेवून पाठ फिरवली की मग उचलायची. असं अंग चोरणारं माणूस नालोंगोने आयुष्यात एकच पाहिलं होतं. तो तिचा नवरा. सासूची नुसती चाहूल लागली तरी वाट सोडून केळीत घुसायचा बिचारा.

"चोराच्या मनात चांदणं," ती डेओला म्हणाली.

"अगं, घाबरते ती तुला. मी पण घाबरतो. कंपालाच्या फौजदारांना तुझ्याकडे शिकवणीला पाठवायला हवं."

"तू भांडी घास."

मग वकील एलेनी आली. झैतुनीची सुनावणी मंगळवारी होती. "तिच्या बाजूने बोलायला कुणी नाही, नालोंगो. त्यातून प्रेयसीचं नाव विचारलं की ती गप्प बसते. अर्ज फेटाळला तर परत पाठवतील, आणि तिकडे तिचा चुलता कोयता घेऊन बसलाय. तू साक्ष दिलीस तर ते ऐकतील."

"नाव असेल तर सांगेल ना! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"तुलाही कुणी असंच म्हणालं होतं ना?"

एलेनी हळूच बोलली, पण नालोंगोला ते झोंबलं. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत कालवण ढवळत राहिली. एकदा ही पोर खोटी निघाली, तर पुढच्या दहा खऱ्यांवर कोण विश्वास ठेवेल? आणि हेर निघाली तर?

काय तो सोक्षमोक्ष लावावा म्हणून पंगत बसल्यावर ती ताट घेऊन थेट झैतुनीच्या कोपऱ्यात गेली आणि वाट अडवून उभी राहिली.

"हात दे इकडे. माझ्या डोळ्यांत बघ आणि सांग, कुणी धाडलंय तुला?"

तिने मनगटाला हात घातला मात्र, झैतुनी किंचाळून मागे उडी मारून पडली. खुर्ची उलटली, ताट फुटलं, कालवण भिंतीवर गेलं.

"नको! हात लावू नका मला! कंप सुटेल!"

हॉलमधली मासाकाकडची माणसं जागच्या जागी थिजली. सासू आणि जावई एकमेकांना शिवले तर हातपाय कापायला लागतात, ते थांबतच नाहीत, ही तिकडची समजूत. ते भय फक्त जावयाला असतं. दुसऱ्या कुणाला असायचं कारणच नाही.

नालोंगो दोन पावलं मागे सरली. आपोआपच सरली.

"कोणत्या लेकीची आई आहे मी तुझ्यासाठी?"

झैतुनी भिंतीकडे तोंड करून रडत होती. "बाबिर्येने शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही. ती म्हणाली, आईचंच पाप लेकीत उतरलं म्हणतील लोक, आणि आई तिकडे एकटीच रडत बसेल."

"मग इथे कशाला आलीस?"

"तीच म्हणाली, माझी आई रांधते तिथे जेव. म्हणजे मला वाटेल मीच जेवले."

नालोंगोला लेकीसाठी भीती वाटली, लेकीची आठवण आली, आणि सगळ्यांत जास्त लाज वाटली. ज्या साहेबाला ती इतकी वर्षं शिव्या घालत होती, त्याच्याच खुर्चीत ती जाऊन बसली होती. पण स्वभावाला औषध नाही. डोळे पुसत पुसत तिने विचारलंच, "बाबिर्ये चहात काय घालते?"

"मीठ. लहानपणी काटोने खोडी काढली होती. हिने हट्टाने सगळा कप पिऊन दाखवला, तेव्हापासून तसाच लागतो."

डेओने मागून विचारलं, "झाली का चौकशी, फौजदारीणबाई?" या खेपेला त्याला कुणी भांडी घासायला पाठवलं नाही. नालोंगोने दुसरं ताट भरलं, टेबलावर ठेवलं, आणि जावयाला नीट जेवता यावं म्हणून पाठ करून उभी राहिली.

रात्री लेकीशी फोन झाला. त्या दोघी काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक. नाव बंद दाराबाहेर जाणार नाही असं एलेनीने सांगितलं, तेव्हा बाबिर्ये म्हणाली, "सांग आई. माझं नाव सांग."

मंगळवारी सुनावणीच्या खोलीत निकाल देणाऱ्या बाईने चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. "तुम्ही यांच्यासाठी साक्ष द्यायला आलात, पण मध्ये दोन खुर्च्या सोडून बसलात. मघापासून एकमेकींकडे पाहिलंही नाही. तुमची खरंच ओळख आहे का?"

झैतुनीची मान आणखी खाली गेली. नालोंगो उठून उभी राहिली.

"बाई, परकी असती तर मांडीला मांडी लावून बसले असते," ती म्हणाली. "हा माझा जावई आहे."