घोडा सटाण्याला निघाला

मुलांकडून जप्त केलेल्या गोट्या, गलोली, भोवरे स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात. किस्स्यांचंही तेच. न्यायला कुणी येत नाही आणि टाकवत तर त्याहून नाही. मी नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. माझा अर्धा ड्रॉवर एकट्या अहिरे सरांनी भरलाय.

अहिरे सर आमचे पी.टी.चे, मूळचे सटाण्याचे. आणीबाणी उठली त्या सुमाराला ते फुटबॉलचा पंप आणायला देवळाली कॅम्पात गेले. तिथल्या कुणा लष्करी साहेबाची बदली झाली होती आणि घरचं सामान व्हरांड्यात विकायला मांडलं होतं. पंप आधीच गेला होता. सर परतले ते विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक घेऊन. कुणा जुन्या अमेरिकन कादंबरीकाराच्या पाच कादंबऱ्या एकत्र बांधलेल्या!

"अहो, हे कशाला?" मी विचारलं.

"ताई, एवढी सायकल मारली. रिकाम्या हातानं यायचं का?"

*

इंग्रजीच्या दीक्षित सरांनी पुस्तक हातात तोलून पाहिलं. म्हणाले, "अहिरे, लोणच्याच्या बरणीवर ठेवायला झकास आहे."

झालं! अहिरे सरांनी भर स्टाफरूममध्ये जाहीर केलं, अख्खं वाचणार. खूण म्हणून पानांत शिट्टी ठेवायचे. ती तिथंच राहायची आणि मैदानावर सर तोंडात दोन बोटं घालून वाजवायचे.

*

एक दिवस वैतागून आले. "ताई, हा लेखक झोपेत लिहितो. जॉनला मागं पुरला, बायाबापड्या रडल्या. आता बघतो तर पोस्टात नोकरीला!"

पाच कादंबऱ्या वेगवेगळ्या असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येकीत एखादा जॉन होता, त्यामुळे त्यांचं निभावत होतं. मी समजावलं.

"म्हणजे मेलेला जॉन मेलाच?"

"मेलाच."

त्या दिवशी सर माझ्याशी बोलले नाहीत.

*

शेवटच्या कादंबरीत दुष्काळ पडतो. जॉन आपला म्हातारा घोडा लांब कुणाला देऊन टाकतो, आणि घोडा एकटा घराकडे परत निघतो. इथं आल्यावर सरांनी पुस्तक मिटलं.

"आमच्या वडलांनी घोडी विकली तेव्हा मी लय लहान होतो," ते म्हणाले. "परत येईल म्हणून रोज वेशीवर जाऊन बसायचो. नाय आली."

दीक्षित सर पेपरात तोंड खुपसून बसले होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अहिरे, ती वीट रविवारपुरती द्या. बघू तुम्ही काय कचरा वाचता."

सोमवारी परत आणून दिली. म्हणाले, "कचराच आहे."

*

पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की पी.टी.चा तास वर्गात व्हायचा. सर आठवी ब ला घोड्याची गोष्ट सांगायचे. अमेरिका त्यांनी केव्हाच काढून टाकली होती. घोडा घोटीहून निघाला, चांदवडला पाणी प्यायला, देवळ्याला कांद्याच्या चाळीत झोपला.

सहामाहीत मी अमेरिकेतलं मुख्य पीक विचारलं. अर्ध्या वर्गानं लिहिलं, कांदा.

*

आणि मग घात झाला. घोडा नदीत उतरतो, आणि पुढची पानंच नाहीत!

"जुनं पुस्तक," दीक्षित सर म्हणाले. "वाळवीनं खाल्ली असतील."

"वाळवी एवढी सरळ फाडती का?" सर रडवेले झाले होते. "ताई, घोडीचं नाय कळलं. याचं तरी कळायला पाहिजे ना?"

आठवी ब ऐकेना, म्हणून सरांनी घोडा सटाण्याला पोचवला. पुढं दरवर्षी पोचवला. पण स्वतःचं समाधान होईना. रद्दीवाला दिसला की सायकलवरून उतरायचे आणि तेच पुस्तक आहे का विचारायचे.

*

आठ-दहा वर्षांनी दीक्षित सर रिटायर झाले. कपाट रिकामं करायला आम्ही दोघं मदतीला होतो. खालच्या कप्प्यातून पिवळी पडलेली चार पानं निघाली. अहिरे सरांनी कागद लगेच ओळखला.

"ही माझ्या पुस्तकातली हायेत!"

दीक्षित सरांनी पानांवर हात ठेवला. "अहिरे, जन्मभर तुम्हाला चिडवलं. आज एवढं ऐका. वाचू नका."

"मग घोडा?"

"घोडा सटाण्यात आहे."

अहिरे सरांनी त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "चारापाणी बरं हाय ना त्याचं?"

"उत्तम," दीक्षित सर म्हणाले.