दोन पावलं पुढे

कप्तानांना सगळे कप्तानच म्हणत. छापखान्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, क्रिकेटचा संघ सोडून तर त्याहून जास्त, तरी दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. बायकोसुद्धा रागावली की "कप्तान, उठा आता," असं म्हणे, आणि ती बहुतेक वेळा रागावलेलीच असे.

छापखान्याचा संघ म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. मशीनवाले, बाइंडर, अक्षराचा एकेक खिळा वेचून मजकूर जुळवणारे जुळारी, असे अकरा जण गोळा करायचे आणि शनिवारी दुपारी इतर कारखान्यांशी खेळायचं. पण एका गोष्टीसाठी हा संघ सगळ्या मैदानांवर ओळखला जाई. त्यांचा कप्तान कधी ओरडत नसे. मशीनघरात कानठळ्या बसतील असा खडखडाट, तिथे बोलणं हातानेच चाले, आणि कप्तान मशीनघराचे फोरमन. तीच खुणांची भाषा त्यांनी मैदानावर आणली. दोन बोटं आत वळवली की फिल्डरने दोन पावलं पुढे यायचं. पंजा बाहेर ढकलला की मागे जायचं. एक बोट ज्या बाजूला वळेल त्या बाजूला सरकायचं. माणूस कधी हलला याचा समोरच्या संघाला पत्ताही लागत नसे. कप्तानांना याचा भारी अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो मिरवायलाही आवडे.

यंदा संघाला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. चिटणीस घरी येऊन चहा पिऊन गेला आणि जाताना काम गळ्यात मारून गेला. खेळाने आयुष्यात काय शिकवलं यावर एक पान लिहायचं, शुक्रवारपर्यंत. संघातल्या आपल्या चिमट्यावर चार ओळी घालाच, तुमच्याशिवाय कोण लिहिणार, असं वर दारातून बजावून गेला.

सोमवारी दुपारी कप्तान गॅलरीत टेबल मांडून बसले. पहिलं वाक्य झकास उतरलं: कप्तानाला माणसं ओळखता आली पाहिजेत. तेवढ्यात हातातलं पेन गळून पडलं आणि उजव्या हाताची दोन बोटं आपोआप आत वळली. ही खोड वर्षभरापासून होती. डॉक्टर म्हणाले होते, शिरांचा दोष आहे, या वयात व्हायचंच. बायको विचारायची, कुणाला बोलावताय सारखं? कप्तानांनी पेन उचललं आणि सहज खाली रस्त्यावर पाहिलं. दूर टोकाला, औषधांच्या दुकानाच्या पलीकडे, पांढऱ्या कपड्यांतला कुणीतरी गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. दम लागला असेल बिचाऱ्याला, असं त्यांना वाटलं.

त्यांनी दुसरं वाक्य लिहिलं, बोटं वळली. तो माणूस दोन पावलं पुढे आला आणि पुन्हा तसाच वाकला.

त्या दुपारी बोटं किती वेळा वळली कोण जाणे. चार वाजता तो औषधांच्या दुकानाच्या अलीकडे होता. लख्ख ऊन होतं, भाजीची हातगाडी त्याला वळसा घालून गेली, पण त्याच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. कप्तानांनी कागद गुंडाळले आणि आत येऊन दार लावून घेतलं. मंगळवारी तो फाटकाशी होता. बुधवारी सकाळी कप्तान रद्दी टाकायला बाहेर पडले, तर तो दुसऱ्या जिन्याच्या वळणावर वाकलेला. चेहरा खाली. डोक्यावर काही नाही. त्या डोक्यावरचा भोवरा कप्तानांनी ओळखला आणि रद्दी तशीच हातात घेऊन ते वर परतले.

चिमटा हा जुळारी. खिळे उचलायचा चिमटा जसा बारीक आणि लांब, तसाच हा. स्वभाव इतका गरीब की सुट्टीची घंटा झाली तरी कुणी "चल" म्हटल्याशिवाय उठायचा नाही. फॉरवर्ड शॉर्ट लेगला तो उभा राहायचा, म्हणजे बॅट्समनच्या पुढ्यात, त्याच्या डाव्या हाताला, श्वास ऐकू येईल इतक्या जवळ. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी संघाच्या एकुलत्या एका हेल्मेटचा पट्टा तुटलेला होता. दुरुस्त करून आणायचं कप्तानांकडे होतं आणि त्यांनी आज उद्या करत ते ढकललं होतं. म्हणून त्या दिवशी चिमटा नेहमीपेक्षा मागे उभा होता. शेवटची जोडी खेळत होती. एकच ओव्हर, असं कप्तानांच्या मनात आलं. त्यांनी दोन बोटं आत वळवली. चिमट्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि तो आला. चौथा चेंडू आखूड पडला. बॅट्समनने तो सगळ्या ताकदीने ओढला आणि तो चिमट्याच्या कानशिलावर बसला. तिसऱ्या दिवशी चिमटा गेला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात छापखान्याच्या मॅनेजरांनी विचारलं तेव्हा कप्तानांची जीभ आपोआप बोलून गेली. मी मागेच राहा म्हणत होतो, तोच पुढे सरकला. खूण फक्त दोघांना कळलेली, त्यातला एक आता बोलणार नव्हता. छापखान्याच्या मासिकात मजकूर आला: धाडसी खेळाडू, कप्तानाने रोखले तरी स्वतःहून पुढे झाला. चिमट्याच्याच टेबलावर तो जुळवला गेला, प्रूफ कप्तानांनी वाचलं, आणि त्यांच्याच मशीनवर त्याच्या चारशे प्रती निघाल्या. आपल्या डोळ्यांसमोर आपलं खोटं चारशे वेळा छापलं जाताना पाहणारे फोरमन जगात फार नसतील.

बुधवारी दुपारी ते पुन्हा लिहायला बसले. गॅलरीत नव्हे, आत, पाठ भिंतीला लावून. चिमट्यावरच्या चार ओळी त्यांना पाठच होत्या. "स्वतःहून" एवढा शब्द कागदावर आला आणि बोटं वळली. आता तो खोलीत होता, खुर्चीच्या पुढ्यात, डाव्या हाताला. बायको केर काढत आली. खिडकीपासून सरळ झाडत आली, आणि तिथे पोचल्यावर जरा थांबून त्या जागेला वळसा घालून गेली. असं का केलं विचारल्यावर ती गोंधळली आणि म्हणाली की सवयीने केलं असेल. मग पदर अंगाभोवती लपेटून घेत तिने पंखा बंद करायला बटणाकडे हात नेला. पंखा आधीपासून बंदच होता.

कप्तानांना भीती वाटली. आपण आता बॅट्समनच्या जागी बसलोय, हे त्यांच्या लक्षात आलं. तो काही करत नव्हता. जन्मात कधी सांगितल्याशिवाय हलला नव्हता, आताही हलत नव्हता. त्याला मागे पाठवावं म्हणून कप्तानांनी पंजा उघडायचा प्रयत्न केला. डाव्या हाताने उजव्याची बोटं सरळ करून पाहिली. पंजा उघडेना. बोटं तेवढी आत वळली.

गुरुवारी सकाळी त्यांनी ती ओळ खोडली, खाली दुसरी लिहिली, कागदाची घडी खिशात घातली आणि ते चिमट्याच्या बायकोकडे गेले.

वहिनी तळमजल्यावर राहत आणि कपडे शिवत. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टेकून गिऱ्हाईकांसाठी एक बाक, दोरीवर अर्धवट ब्लाउज. भिंतीवर नवऱ्याचा फोटो नव्हता. तो कपाटात होता, तोंड आत करून, हे कप्तानांना माहीत होतं. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती तेव्हा. पुढे जायची एवढी हौस होती तर राहा तिकडेच, असं त्या फोटोला म्हणाल्या होत्या आणि त्यांनी तो काढून ठेवला होता. मागे एकदा त्यांनीच हे सांगितलं होतं. कप्तान तेव्हा मान डोलावून चहा प्यायले होते.

बाकावर बसून वहिनी हाताने काठ शिवत होत्या. कप्तानांनी उभ्या उभ्या घडी पुढे केली. वहिनींनी चष्मा लावून वाचलं: तो स्वतःहून आला नाही. मी बोलावलं म्हणून आला. हेल्मेट आणायचं काम माझं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"हे छापणार?"

"उद्या देतोय. आधी तुम्हाला सांगायला आलो."

त्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी ह्यांच्यावर रागावलेय, भावोजी. माझा विचार न करता पुढे गेले म्हणून. रोज. एक दिवस सोडला नाही."

कप्तानांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. पण नजर सारखी दाराकडे जात होती, आणि ते वहिनींच्या ध्यानात आलं. काय पाहताय, असं त्यांनी विचारलं. मग कप्तानांनी तेही सांगितलं. रस्त्याचं टोक, फाटक, जिना, खोली. आता उंबऱ्याबाहेर उभा आहे, आत येत नाही. वहिनी सुई धरून ऐकत राहिल्या. वयाने डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं, असंही त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं.

"काय घातलंय त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"आपले पांढरे कपडे. एका बाहीचं बटण निळं आहे."

वहिनींच्या हातातलं शिवण मांडीवर पडलं. त्या शनिवारी सकाळी घरात दुसरं बटण नव्हतं. मैदानात कुणाला दिसणार आहे, असं म्हणत त्यांनीच ते घाईघाईत लावून दिलं होतं.

कप्तान म्हणाले, "त्याला मागे पाठवायला पाहिजे, वहिनी. पण माझा हात उघडत नाही."

"मागे नका पाठवू. तुमच्यावर मी उद्या रागवेन, आज मला सवड नाही. त्यांना आत वळवा."

कप्तानांनी हात उचलला. दोन्ही बोटं वळायला लागली, तेव्हा त्यांनी मधलं डाव्या हाताने घट्ट दाबून धरलं आणि उरलेलं एक बोट, पूर्वी मैदानावर वळवायचे तसं, सावकाश बाकाच्या दिशेने नेलं.

दोरीवरचे ब्लाउज एकामागून एक हलले. वहिनी बाकाच्या टोकाला सरकल्या आणि शेजारच्या जागेवरची दोऱ्यांची कात्रणं त्यांनी हाताने झटकली.

"बसा," त्या म्हणाल्या.

कप्तान उभेच राहिले.