लिबियाआबा

आबांसमोर कुणी 'क्रांती' म्हटलं की ते आधी विचारत, "कुनाच्या गाडीतनं आली?" आमच्या पोलादपूरच्या डोंगरातल्या गावात त्यांना सगळे लिबियाआबा म्हणत. लिबियात एका बांधकामाच्या छावणीत ते भटारी, म्हणजे स्वयंपाकी होते. तिथे बंड पेटलं, तेव्हा जीव मुठीत धरून परतले.

छावणीवरचा एक लिबियन ड्रायव्हर त्यांना 'बाबा' म्हणायचा. परदेशी विमानांनी हुकूमशहाच्या फौजेवर बॉम्ब टाकले तेव्हा तो तिथे नाचला, आबाही इथे नाचले. "राक्षसच होता रे तो," आबा म्हणत, "पन तो मेला नि गल्लीगल्लीत येकेक राक्षस झाला. परत्येकाच्या पाठीशी येक परदेश!" पुढे त्या ड्रायव्हरला त्याच्याच गल्लीत मारलं. फोन आला त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

आमचा गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, तरी कुठे कमी होता? पालखी त्याच्या अंगणात, निवाडा त्याच्या तोंडचा, आणि कुणी चकार शब्द काढला की घर वाळीत. मुंबईला कामाला असलेल्या गावच्या पोरांनी त्याला शिमग्यात उतरवायचं ठरवलं. मदतीला आणला एक बिल्डर, त्याचे वकील आणि गाडीभर दांडगे. आबा बैठकीत उभे राहिले. "गावकराला काढा, बेशक काढा. पन आपल्या हातानं. परक्याच्या काठीनं साप मारलात, तर काठीवाला घरात ऱ्हातो."

"आबा, हे पोलादपूर हाय, लिबिया नाय!" पोरं खो खो हसली.

गावकर पडला. नव्या मंडळींनी बिल्डरला मदतीचा मोबदला म्हणून गावचं पठार दिलं. आबांनी सही केली नाही, म्हणून पहिला निवाडा काय, तर आबा वाळीत! वा रे क्रांती! दुकानात मीठ मिळेना, सख्खा पुतण्या ओळख देईना. वाळीत टाकायला कायद्यानं बंदी आहे म्हणे. कायदा घाट चढून येतो कधी? मला अजून संताप येतो. आबा मात्र म्हणायचे, "पोरांवर नको रे चिडू. तीबी नाचतायत."

आबा गेले. गावातून माझ्याशिवाय कुणी आलं नाही. दोन जावई, मी आणि महाडचा माझा मित्र, एवढेच खांदे. मसणवट पठारापलीकडे, आणि पठाराला आता बिल्डरचं फाटक. वॉचमन म्हणाला, "साहब से पूछना पड़ेगा."

शेवटी त्याच पोरांतला नवा गावकर धावत आला. "उघड रे, आमचं मसन हाय ते!" वॉचमननं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मुंबईला फोन लागत नव्हता. गावकर फाटकाशी हात जोडून उभा राहिला, आणि विसाव्याची जागा यायच्या आतच आम्ही तिरडी खाली ठेवली.