साहेबांना शेवटी लावलं

पूर्वी मी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो. आता फ्लेक्सचे बॅनर डिझाइन करतो. हा बदल मी हौसेने केला असं कोणी म्हटलं तर त्याचं डोकं फोडावंसं वाटतं.

होळी गावातल्या एका वरातीत वाटेवर दुःखाचं घर लागलं. अशा घरासमोर बँड वाजवत नाहीत, म्हणून आम्ही थांबलो आणि मुकाट्याने पुढे गेलो. नवऱ्याचा एक मित्र पिऊन टाइट. "बंद का केलं रे?" म्हणून तो कधीपासून भुंकत होता. घर ओलांडून मी ट्रम्पेट ओठांना लावला, तोच त्याने समोरून ट्रम्पेटवर पंजा मारला. पुढचे दात तुटून आत गेले, वरचा ओठ फाटला. टाके घातले, दात बसवले, पण फुंक काही बसेना. सूर लावायला जावं तर बाजूने हवा सुटायची.

मग माणिकपूरला स्टेशनजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात लागलो. आमच्या बँडच्या पाट्या तिथेच व्हायच्या, म्हणून शेठशी ओळख. त्यानेच मला कॉम्प्युटरवर बसवलं. खरं सांगतो, हे काम मला आवडलं. कुठे काय मोठं ठेवायचं, कुठे जागा मोकळी सोडायची, हे हाताला लवकर कळलं. घरी एक जुना लॅपटॉपही आणला. नोकरी सोडून घरूनच कामं घ्यावीत, फ्रीलान्स करावं, असं फार दिवस मनात घोळत होतं. हिंमत तेवढी होत नव्हती.

आणि मग तो वाढदिवसाचा बॅनर आला. भाई म्हणजे आमच्या भागातले पुढारी, त्यांचा वाढदिवस, वर पक्षातल्या मोठ्या साहेबांपासून गल्लीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांचे फोटो एका रांगेत. मी वरात लावली! वरातीत पुढे बँड, मग नाचणारी पोरं, मग घरची मंडळी आणि सगळ्यात शेवटी घोड्यावर नवरा. ज्याचा मान मोठा तो मागून येतो, लोक त्याच्यासाठी थांबतात. इतकी वर्षं तेच बघितलेलं. तर मी डावीकडून गल्लीतली पोरं घेतली आणि साहेबांना उजवीकडे, शेवटी. फोटो सगळ्यांत मोठा, मागे सोनेरी उजेड बिजेड. मला तर वाटलं, काय झकास झालंय. शेठ गडबडीत होता, त्यानेही नीट न बघता छापायला सोडला.

गोखिवऱ्याच्या नाक्यावर बॅनर चढला आणि दुसऱ्या पार्टीची पोरं खाली उभी राहून हसायला लागली. तुमचे साहेब रांगेत शेवटचे, म्हणे!

दुपारी भाईंची माणसं दुकानात घुसली. पहिल्याने काउंटरवरची काच फोडली. दुसऱ्याने प्रिंटरला लाथ घातली. "किसने बनाया? आमच्या साहेबांना शेपटीला लावतो काय रे भडव्या?" मी सांगायला गेलो की शेवटी म्हणजे मानाने, वरातीसारखं. पुढचं तोंडातच राहिलं. त्याने माझी कॉलर धरून डोकं भिंतीवर आपटलं. जिभेवर रक्ताची चव आली आणि होळी गावातली ती वरात डोळ्यांपुढे उभी राहिली. बस्स. बॅनरला रिंगा ठोकायची हातोडी टेबलावर होती, ती उचलली. त्या क्षणी मी त्याला मारणार होतो. घाबरवायला नाही, मारायलाच. त्याच्या कपाळावर कुठे बसेल तेसुद्धा मी बघून ठेवलं होतं.

पण फटका बसला तो मला. शेठने मागून येऊन माझ्या कानाखाली जाळ काढला. एक, मग दुसरी, तिसरी, जीव खाऊन. हातोडी खाली पडली. "बघा, मारला मी त्याला! अजून मारू का? सांगा!" शेठ ओरडत होता आणि मारत होता. ती माणसं आधी चक्रावली, मग हसली, मग "नवीन छापून लाव, संध्याकाळच्या आत" म्हणून निघून गेली.

"तुझा जीव वाचवला मी आज," शेठ मला पाणी देत म्हणाला. खरंच वाचवला असेल. पण माझा डावा कान शिट्टी वाजवत होता आणि शेठचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येत होतं. ओठ गेले होते, कान तरी माझे होते! त्यावर याने हात टाकला. मला त्या गुंडांपेक्षा शेठचा जास्त राग आला. तरीही मी खाली बसलो, साहेबांना डावीकडे पहिले घेतलं आणि बॅनर पुन्हा छापायला दिला.

घरी आल्या आल्या बायकोला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बस झालं. उद्यापासून घरूनच करणार. बॅनर नको, लग्नपत्रिका करीन."

"पत्रिका?" ती माझ्या कानाला बर्फ लावत होती. "मामाचं नाव काकाच्या खाली गेलं तर मामा येईल ना तलवार घेऊन. आणि इथेच येईल. दुकानात नाही, आपल्या दारात."

मी नुसता धुमसत बसलो.

"शेठने मारलं म्हणून तुम्ही जिवंत घरी आलात," ती म्हणाली. "मी काय करायचं? ते दारात आले की मी मारायचं का तुम्हाला, त्यांच्यासमोर?"

"मार," मी म्हटलं. "पण या कानावर नको."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. बर्फ बाजूला ठेवून तिने माझ्या उजव्या गालावर हलकेच हात टेकवला, कुठे मारता येईल ते बघत असल्यासारखा, आणि रडायला लागली.