दादा तळं बघायला आत गेला

शाळेची सहल जाते त्या दिवशी बसचा ड्रायव्हर दिवसभर काय करतो, याचा तुम्ही कधी विचार केलाय? खरं सांगा. मुलाची टोपी घेतली का, उलटीची गोळी दिली का, पाण्याची बाटली गळत तर नाही ना, हे सगळं तुमच्या डोक्यात असतं. बसचं काय, ती आपोआप जाते आणि आपोआप येते!

आपोआप जात नाही. माझा थोरला भाऊ ती नेतो. दारातून उतरणाऱ्या प्रत्येक पोराला तो "सावकाश, सावकाश" म्हणतो, म्हणून शाळेत त्याचं नावच सावकाशकाका पडलंय. सगळी उतरली की तो इंजिन बंद करतो आणि शेवटच्या सीटपर्यंत चालत जातो. प्रत्येक सीटखाली वाकून बघतो. कुठल्याशा शाळेच्या बसमध्ये एक पोर झोपेत राहून गेलं होतं, ते ऐकल्यापासून ही सवय. बस रिकामी धुवायला नेली तरी हा माणूस शेवटच्या सीटपर्यंत जाऊन येतो. मी चिडवते, "काय रे, पाण्याच्या बादलीला झोप लागली का बघतोस?" तो म्हणतो, "बघायला काय जातं?"

मी ड्रायव्हर लोकांची संघटना चालवते. भांडणं हा माझा धंदा आहे. पण हे भांडण घरातलं आहे, म्हणून जास्त झोंबलंय.

झालं असं. परीक्षा संपल्या, वसंतातली सुट्टी लागली. माझ्या भाचीला, दादाच्या एकुलत्या एका लेकीला, दुसऱ्या शहरात नर्सिंगला जागा मिळाली होती. गुरुवारी सकाळी ती हॉस्टेलवर जाणार. जायच्या आधी तिने एकच हट्ट धरला. कुठेतरी जायचं. लांब नको, मुक्काम नको, सकाळी निघून संध्याकाळी घरी. पण चौघांनी. बाबांसकट. कारण आजवर प्रत्येक सुट्टीत बाबा बसवर आणि बस दुसऱ्यांच्या सहलीवर. या घरातल्या एकाही फोटोत घराबाहेरचा दादा नाही.

वहिनी कपडे बेतून, उसवून, पुन्हा शिवून देते. घरात मोठं टेबल एकच, तेही तिच्या कापडांनी भरलेलं. चिंध्या बाजूला सारून आम्ही चौघं तिथेच बेत करायला बसलो.

"प्राणीबाग?" भाची म्हणाली.

"नको," दादा म्हणाला. "ऊन मरणाचं. एक झाड नाही."

"बाबा, प्राणीबागेत झाड नाही? माझी मैत्रीण सांगत होती, आत नुसतं जंगल आहे."

"आत असेल. मी पार्किंगचं बोलतोय."

आम्ही हसलो. तोही हसला.

"बरं, टेकडीवरची बाग?"

"तिथे नळ चांगला आहे. गार पाणी येतं. फक्त गाडी वळवायला त्रास."

"आणि तळं?"

"तळं एक नंबर!" दादा खुलला. "दुपारनंतर भिंतीची सावली पडते, गाडी तापत नाही. पलीकडे एक बाकडंही आहे."

वहिनीने कात्री खाली ठेवली. "अहो, ती तळं कसं आहे ते विचारतेय."

दादाने एक चिंधी उचलली, बोटाला गुंडाळली, सोडली. मग म्हणाला, "आवाज येतो ना. बोटीत बसली की पोरं ओरडतात. चांगलंच असणार."

आमचं हसू तिथेच थांबलं. इतकी वर्षं दर वसंतात हा माणूस त्या तळ्यावर जातोय, आणि त्याने पाणी बघितलेलं नाही! तुमची पोरं बोटीत किंचाळायची आणि हा भिंतीला पाठ लावून ऐकायचा.

"तू कधी आत गेलाच नाहीस?" मी विचारलं.

"गाडी सोडायची नाही, असं ठरलंय."

"कोणी ठरवलंय?"

"ठरलंय गं."

"अरे पण ठरवणाऱ्याला काही नाव, तोंड, नाक असेल की नाही?"

"झाली आगपेटी सुरू," तो लेकीला म्हणाला. "पाणी आण, आत्याच्या डोक्यावर ओत."

पण तळं पक्कं झालं. बुधवारी. साध्या प्रवासी बसने जायचं, दादाने सुद्धा पॅसेंजर म्हणून, खिडकीशी बसून. उकडलेली अंडी, पाव, काकड्या वहिनीकडे. कलिंगड मी आणायचं, कारण भाव करायला मला पाठवतात. दादाकडे गणवेशाशिवाय धड शर्ट नव्हता. एका गिऱ्हाइकाने कापड टाकलं ते न्यायला कधी आलंच नव्हतं. पिवळ्यावर मोठाली लाल फुलं. वहिनीने त्याचा शर्ट शिवला.

"हा घालून मी जोकर दिसेन," दादा म्हणाला.

"दिसा एक दिवस," वहिनी म्हणाली. "रोज खांबासारखे दिसताच."

मंगळवारी संध्याकाळी मी कलिंगड घेऊन पोचले तेव्हा दादा फोनवर होता. पाठ ताठ, मान खाली. "हो शेठ. हो. नाही नाही, अडचण कसली? येतो शेठ."

फोन ठेवला. आमच्याकडे बघेना. बसच्या ठेकेदाराचा फोन होता. सुट्टीत शाळेच्या बस रिकाम्या उभ्या राहू नयेत म्हणून तो त्या सहलींना भाड्याने देतो. उद्या एक मोठं कुटुंब निघालंय, भाऊ, भावजया, पोरंबाळं, सगळे. ड्रायव्हर हवा.

"नाही म्हणता येत नव्हतं?" मी ओरडले. "जीभ आहे की गहाण टाकलीस?"

"तोंडातून निघून गेलं गं. त्याचा आवाज आला की हो निघतंच."

हीच ती चूक. वर्षानुवर्षं हो म्हणून म्हणून माणसाच्या तोंडात दुसरा शब्दच उरत नाही. मला दादाचा राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग त्याचा आला, ज्याला आजवर एकदाही विचारावं लागलं नव्हतं की बाबा रे, उद्या तुझं काही आहे का?

"कुठे जायचंय त्यांना?" वहिनीने विचारलं.

दादा पुटपुटला, "तळ्यावर."

भाची फिसकन हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कसलं होतं ते मी विचारलं नाही. "मग झालं की! बाबा पुढे जातील, आपण मागून. बेत तोच."

वहिनी हसली नाही. तिने तो फुलांचा शर्ट घडी करून पिशवीत घातला आणि पिशवीची गाठ अशी आवळली, जणू ठेकेदाराचा गळा.

दुसऱ्या दिवशी आम्ही तळ्यावर उतरलो तेव्हा पार्किंगमध्ये बस उभी, दार उघडं, आणि दारात दादा गोंधळलेला. त्याच्या मागे एक म्हातारेबुवा, डोळे चोळत. मंडळी गाणी म्हणत उतरून आत गेली होती. दादा सवयीने बसमध्ये मागपर्यंत बघत गेला. शेवटच्या सीटवर, पिशव्या आणि उशांच्या आड, आजोबा गाढ झोपलेले.

"आमची माणसं?" आजोबांनी विचारलं.

"आत गेली," दादा म्हणाला. "गर्दीत लक्षात आलं नसेल."

दादाची पंचाईत बघा. आजोबांना पोचवायचं तर गाडी सोडावी लागते. गाडी सोडायची नाही. आणि उन्हात तापलेल्या बसमध्ये म्हाताऱ्याला बसवून ठेवायचं, तर हा माणूस मेला तरी तसं करणार नाही. आजोबांजवळ फोन नाही. दादाने ठेकेदाराला फोन लावला. दोनदा. त्याने उचलला नाही.

मी हात पुढे केला. "किल्ली दे. गाडीपाशी मी बसते. यांना आत पोच कर. आणि आलास लगेच परत तर बघ!"

"अगं पण..."

"बाबा," भाची म्हणाली आणि तिने पिशवीची गाठ सोडली.

बसच्या मागे जाऊन दादाने शर्ट बदलला. आजोबा त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "फर्स्ट क्लास. चला."

पुढचं मला वहिनीने सांगितलं. आजोबांची माणसं दिसेनात. ती पलीकडच्या काठाला हॉटेलात जेवायला बसली होती, हे नंतर कळलं. भाची म्हणाली, तिकडे शोधू. आजोबा म्हणाले, "शोधतील तेच. आधी बोट." चौघं धक्क्यावर गेले. आणि दादा पाण्याकडे पाठ करून उभा! मान उंच करून फाटकातून बस दिसते का ते बघतोय. भाचीने त्याचे दोन्ही खांदे धरले आणि लहान पोराला वळवतात तसं त्याला वळवलं. तो धक्क्याच्या कडेपर्यंत गेला. मग म्हणाला, "केवढं आहे गं."

मी बसच्या पायरीवर कलिंगड मांडीत घेऊन बसले होते. तेवढ्यात त्या कुटुंबातला एक चष्मेवाला आला. बर्फाचा डबा न्यायला.

"ड्रायव्हर कुठे आहे?"

"आत. डबा मी देते, किल्ली माझ्याकडे आहे."

"तुम्ही कोण?"

"त्याची बहीण."

"त्याला आत जायला कोणी सांगितलं? आम्ही गाडी भाड्याने घेतलीय, ड्रायव्हरसकट."

"आणि तुमच्यातले आजोबा कुठे आहेत?" मी विचारलं.

"ते आमच्याबरोबर आहेत. आत."

"बघितलंत?"

त्याने मागे वळून फाटकाकडे बघितलं. चेहरा उतरला. मी सगळं सांगितलं, आणि देवाशपथ, नीट शब्दांत सांगितलं, मलाच माझं नवल वाटलं. मला वाटलं, आता हा धावत आत जाईल. पण त्याने आधी खिशातून फोन काढला. ठेकेदाराला लावला. त्याचा फोन मात्र ठेकेदाराने पहिल्या घंटीला उचलला. "तुमचा ड्रायव्हर गाडी सोडून फिरतोय. फुलाफुलांचा शर्ट घालून! आणि आम्हाला न विचारता आमच्या वडिलांना कुठेतरी घेऊन गेलाय!"

न विचारता! कोणाला विचारायचं होतं? ज्यांना म्हातारा हरवलाय हे माहीत नव्हतं, त्यांना?

तो आत पोचला आणि, वहिनी सांगते, तेवढ्यात बोट काठाला लागली. आजोबा भिजलेले, खूश. चष्मेवाला ओरडला, "बाबा, ओळख ना पाळख, कोणाबरोबर जाता?"

आजोबा म्हणाले, "तू होतास का बसमध्ये? मला उठवताना दिसला नाहीस."

पण म्हाताऱ्याचं कोण ऐकतं? आणि माझा दादा, तो काय म्हणाला ठाऊक आहे? "चुकलं साहेब." दोन्ही हात जोडून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुलांच्या शर्टावरच त्याने गणवेश चढवला, बटणं लावली आणि सगळ्यांना घरी नेलं. उतरताना त्या चष्मेवाल्यालाही म्हणाला, "सावकाश."

गुरुवारी भाची गेली. शुक्रवारी ठेकेदाराचा फोन आला, सोमवारी शाळा उघडल्यावर येऊ नकोस, दुसरा माणूस ठेवलाय. दादा तेव्हाही "हो शेठ" म्हणाला.

मी तडक ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. तो मला ओळखतो, चहा मागवायला लागला. मी म्हटलं, "चहा राहू दे. त्याला का काढलं?"

"ताई, मला वैयक्तिक काही नाही हो. माणूस सोन्यासारखा आहे. पण शाळेची गाडी आहे. असा ड्रायव्हर पालकांना चालणार नाही."

"कुठल्या पालकाने तक्रार केली?"

"केली नाही. पण कळलं तर करतील ना."

"म्हणजे पालकांना विचारलंच नाहीस?"

"त्यात विचारायचं काय? ठरलेलंच असतं."

पुन्हा तेच. ठरलंय! मी टेबलावर हात आपटला, त्याचे दोन पेन खाली पडले, एक मी उचलून दिलंसुद्धा. संप करीन, मोर्चा काढीन, सगळं बोलून झालं. तो मान हलवत राहिला. माझ्या मोर्च्याला तो भीत नाही, ते मलाही कळतं. तो फक्त एकाच गोष्टीला भितो, पालकांना. आणि तुमच्या तोंडात त्याने परस्पर शब्द घातलेत. तुमच्या नावावर, तुम्हाला न विचारता, माझ्या भावाला घरी बसवलंय.

दादा दोन दिवस वहिनीच्या टेबलापाशी बसून तिला बटणं लावून देतोय. मधेच उठतो, खिडकीशी जातो. लेकीचा फोन आला की म्हणतो, "मजेत आहे, सुट्टी चाललीय." तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती तिथलं सोडून परत येईल, आणि मी तिला ओळखते, ती येईलच.

तुमचं मूल त्या बसने जात असेल तर सोमवारी सकाळी थांब्यावर दार नवा माणूस उघडेल. त्याच्यावर डाफरू नका, त्यालाही पोट आहे. पण त्याआधी, आज, आत्ता, ठेकेदाराला फोन लावा. नंबर बसच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, मुलाला विचारा, त्याला पाठ असेल. आणि स्पष्ट सांगा की आम्ही पालक बोलतोय, आम्हाला तो ड्रायव्हर चालतो, आणि आम्हाला तोच हवा.