कोऱ्या पेपरचं वर्ष

शाळेत तिला सगळे 'पहिली' म्हणायचे. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. सलग सहा वर्षं वर्गात पहिला नंबर, मग दुसरं काय म्हणणार? तिचे वडील गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवायचे. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. फोमचे तुकडे, रेक्झिनची भेंडोळी आणि जाड सुईचं शिलाई मशीन. गिऱ्हाईक आलं की सीटचं माप घेण्याआधी ते मुलीचे मार्क सांगायचे. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

शाळेच्या शेवटच्या वर्षी, कॉलेजची प्रवेश परीक्षा चार महिन्यांवर आली असताना, तिचं अभ्यासावरचं मन उडालं. तसं काही घडलं नव्हतं. आजारपण नव्हतं, प्रेमाबिमाचं लफडं नव्हतं. एका दुपारी ती रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसली आणि एकच ओळ अकरा वेळा वाचली. बाराव्यांदा वाचायचा तिला कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी तेच. महिन्याभरात पुस्तक नुसतं दिसलं तरी ती ते पालथं घालून ठेवायला लागली.

आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "दमली असशील. दूध पी."

वडिलांना सांगितलं, तर शिवता शिवताच ते म्हणाले, "नाटकं बास. मी दिवसभर इथे कंबर मोडून घेतो, मला येतो का कंटाळा?"

"येत असेल. तुम्ही कबूल करत नाही."

मशीन थांबलं. त्या दिवसापासून घरात धुसफुस सुरू झाली. वडिलांनी तिचा फोन काढून घेतला. खोलीच्या दाराची कडीही उचकटली, म्हणजे ती काय करते ते जाता-येता दिसावं. ती पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडे बघत बसायची. तेवढं जमायचं तिला.

परीक्षेला ती गेली. नाव लिहिलं, नंबर लिहिला, सही केली आणि तीन तास बसून राहिली. रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. शेजारच्या पोरीच्या पेनाची कुरकुर तेवढी डोक्यात जात होती.

निकाल लागला तेव्हा वडिलांना वाटलं, कॉम्प्युटरनं काहीतरी घोळ घातला. ती दोन वर्षं ज्या क्लासला जायची, तिथल्या सरांकडे ते तिला दंडाला धरून घेऊन गेले. केबिनबाहेरच्या भिंतीवर तिचा हा मोठा फोटो होता, खाली लिहिलेलं, 'आमची पहिली'.

सरांनी उत्तरपत्रिकेची प्रत मागवून ठेवली होती. "एकाही उत्तराचा गोल भरलेला नाही," ते म्हणाले. "का गं? का केलंस असं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. विचार करून झालाय माझा."

"बघा, ही मस्ती!" सर वडिलांकडे वळले. "हिच्यावर मी दोन वर्षं फुकट घालवली."

आता आपला बाप दोन शब्द आपल्या बाजूनं बोलेल, असं तिला वाटलं. निदान गप्प तरी बसेल. वडिलांनी हात जोडले. "चुकलं सर आमचं. वाया गेली पोरगी."

तिला ते लागलं ते कायमचं. ती उठली. "मग बाहेरचा फोटो काढा माझा."

"तो क्लासचा आहे. नवीन प्रवेश चालू आहेत."

"वाया गेलेल्या पोरीच्या तोंडावर?"

ती बाहेर गेली, फॉर्मच्या रांगेतल्या पालकांसमोर फोटोचा कोपरा नखानं सोडवला आणि टर्रकन खाली ओढला. अर्धा भिंतीलाच राहिला. वडिलांनी तिथेच तिच्या कानाखाली वाजवली. रांगेतल्या एक बाई "अहो!" म्हणाल्या; बाकीचे आपापल्या फॉर्मात डोकं घालून उभे राहिले.

पुढचं वर्षभर घरात कुणी धड बोललं नाही. "शिकायचं नाही ना? मग पिना उपट," म्हणून वडिलांनी तिला जुन्या सीटची कव्हरं सोडवायला बसवलं. तिला तेही काम आवडलं नाही. पक्कड निसटून बोटं सोलवटायची, फोमच्या भुग्यानं शिंका यायच्या. वडील गिऱ्हाइकांना मुद्दाम ऐकवायचे, "ही आमची विदुषी."

"यांच्यावरच गेलेय," ती मान वर न करता म्हणायची. गिऱ्हाईक हसायचं, वडील नाही. आई दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची.

वर्ष सरताना तिनं परस्पर फॉर्म भरला. बसनं आठ तासांवरच्या एका लहान कॉलेजचा, भूगर्भशास्त्राचा. तिथे प्रवेश परीक्षा नव्हती. अभ्यासाची गोडी परत आली होती, असं मुळीच नाही. तिला त्या घरातून सुटायचं होतं.

"दगडं मोजायला चाललीस?" वडिलांनी विचारलं.

"हो. दगड टोमणे मारत नाहीत."

बसपर्यंत आई एकटीच आली.

पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, हा विषय का घेतला? ती म्हणाली, "घरापासून सगळ्यात लांब होता." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "बरं. बस." मग प्रत्येकाच्या हातात एकेक दगड देऊन त्यांनी दिसेल ते लिहायला सांगितलं. तिनं चार ओळी लिहिल्या. पाचवी सुचेना, म्हणून दगड उलटा करून बघितला.

पहिल्या सहामाहीत ती वर्गात मधेच कुठेतरी आली. आईनं फोनवर विचारलं, "बाबांशी बोलतेस?"

"नको."

मागून वडिलांचा आवाज आला, "मलाही नको."